डाव मोडता आला पाहिजे

परवाची गोष्ट. सकाळची ओपीडी आटोपत आली होती. मानोऱ्याकडच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. महिनाभरापासून मुलाचे डोके दुखत होते. डोळे लाल, चेहरा उतरलेला. वर्गात झोपतो अशी मास्तरांची तक्रार होती. बाप म्हणाला, "साहेब, काई नाई, हा सारा त्या मोबाईलचा रोग हाय. रातभर गेम खेयते. तुमी त्याले असं भेव दाखवा का त्यानं मोबाईलले हातच नाई लावला पायजे."

मुलाने मान खाली घातली. त्याला तपासता तपासता मी विचारले, "कोणता गेम खेळतोस रे?" त्याने नाव सांगितले. "एकटा खेळतोस, की चौघांची टीम करून?" त्याने चमकून वर पाहिले आणि विचारले, "तुम्ही पण खेळता का, सर?"

आता बापाची अपेक्षा अशी, की डॉक्टरांनी कानावर हात ठेवावेत. पण खोटे बोलवेना. मी म्हटले, "खेळलो आहे बाबा. बरेच खेळ खेळलो आहे." बाप माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, की पुढच्या वेळी हा पोराला दुसऱ्या डॉक्टरकडे नेणार असे मला वाटले.

वाचकहो, या सदरात आपण दमा, मधुमेह, रक्तदाब, उन्हाळ्याचे विकार यांविषयी नेहमी बोलतो. आज खेळांविषयी बोलू. पटावरचे खेळ, पत्ते, आणि टीव्हीवर व मोबाईलवर खेळायचे व्हिडिओ गेम. अलीकडे आठवड्याला दोन-तीन तरी पालक हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना उपदेश करण्याआधी माझाच खेळांचा इतिहास सांगतो. रोग्याचा इतिहास घेतल्याशिवाय निदान करू नये, असे आम्हाला शिकवलेले आहे.

चिंचोके, पत्ते आणि आईची हाक

माझे बालपण रिसोडला गेले. त्या वेळी आपला भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसे. ओसरीवर ओल्या फडक्याने फरशी पुसायची, खडूने चौकोन आखायचे, चिंचोके फोडून त्यांची एक बाजू घासून पांढरी करायची आणि पट मांडायचा. कवड्यांचे काम चिंचोके करत. सोंगट्या म्हणजे बांगड्यांचे तुकडे, खडे, तुरीचे दाणे. ज्याला आपण ल्यूडो म्हणतो तो आपल्याच पचिसीवरून तयार झालेला, १८९६ च्या सुमारास इंग्लंडात पेटंट होऊन बाजारात आलेला खेळ. आपली सापशिडीही मूळची मोक्षपटाची. त्या पटात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण असत. हा पट परंपरेने ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडला जातो.

पत्त्यांत बदाम सात, गुलामचोर, झब्बू आणि सगळ्यांत आवडता मेंढीकोट. चार जण, दोन जोड्या, चारही दहिल्या आपल्याकडे आल्या की समोरच्यावर कोट. आईला मेंढीकोटाचे वेड होते. हुकूम कोणाकडे आहे हे ती समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखत असे. डोळ्यांनी खूण करून लबाडीही करत असे, आणि पकडली गेली की पदराने तोंड झाकून हसत असे.

हे खेळ किती वेळ चालत? दिवेलागण होईपर्यंत. मग आईच उठे आणि हाक मारे, "उचला रे पत्ते, हातपाय धुवा." हाकेनंतर फार तर एक डाव. पुढे कोणी बसले तर पत्ते चुलीत जायची भीती होती. या हाकेला किती महत्त्व होते, हे मला फार उशिरा समजले.

रुपयाचे नाणे

पुढे नागपूरला एमबीबीएसला गेलो. वसतिगृहात कॅरमचा बोर्ड होता. रात्री जेवणानंतर त्याच्याभोवती गर्दी. शरीररचनाशास्त्रात मी जेमतेम पास झालो, पण राणी घेऊन लगेच कव्हर घ्यायला मात्र पक्का शिकलो. बुद्धिबळात मी कायम हरणारा. माझ्या खोलीतला मित्र चार चाली पुढचे पाहायचा आणि मी एक चाल मागचे.

त्याच काळात गावात व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. अंधारी खोली, ओळीने ठेवलेली पेटीएवढी यंत्रे आणि एका रुपयात एक डाव. पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन मिनिटांत रुपया बुडाला. मोटार पळवायचा खेळ होता आणि मी वळणावर झाडावर आपटलो. पुन्हा रुपया टाकला, पुन्हा आपटलो. मेसच्या पैशांतले पाच रुपये संपले आणि बाहेर आलो. तिथे आईची हाक नव्हती, पण रिकामा खिसा होता.

नव्वदच्या दशकात हातात मावणारे ब्रिक गेम आले. त्यावर '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ पाच-सहाच, बाकी सगळी वेगवाढ. त्यातला विटा रचायचा खेळ मला अजून आवडतो. अलेक्सेई पाजित्नोव्ह नावाच्या संगणकतज्ज्ञाने तो १९८४ साली मॉस्कोत तयार केला. त्याचे मूळ नाव टेट्रिस. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नाइट ड्युटीला तो माझ्या एप्रनच्या खिशात असे. पेन्सिल सेल संपले की खेळ बंद. मग मुलासाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला. उड्या मारत राजकन्येला सोडवायला जाणारा मिशीवाला मारिओ आणि दोन शिपायांचा काँट्रा. काँट्रात बाप-लेक मिळून आम्ही शत्रूंना लोळवले, आणि मला ते आवडले, हे कबूल करतो. इथे भारनियमन हाच आमचा पंच होता. वीज गेली की डाव मोडला.

म्हणजे पाहा. आईची हाक, संपलेला रुपया, संपलेला सेल, गेलेली वीज. माझ्या आयुष्यातला प्रत्येक खेळ कोणीतरी बाहेरून थांबवत होते. मी स्वतः थांबायला कधी शिकलोच नव्हतो. ते शिकण्याची वेळ पन्नाशीच्या आसपास आली.

माझी चूक

२०१६ पासून मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. मोबाईलवरचे बरेचसे खेळ फुकट मिळू लागले. त्यांना शेवट नसतो. एक पायरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. डाव हरला तर थोड्या वेळाने 'परत या' असा निरोप येतो. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर बक्षीस बुडाले. कधी मोठे बक्षीस मिळते, कधी नाही, आणि ते कधी मिळेल हे सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते, की दर वेळी दाणा मिळतो तिथे पक्षी पोट भरले की थांबतो. पण कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, तिथे तो चोच मारतच राहतो. जुगाऱ्याचे आणि मोबाईल गेमचे गणित तेच आहे.

कोरोनाच्या काळातली गोष्ट. दिवसभर ताप, खोकला, ऑक्सिजनची धावपळ. ओळखीची माणसे जात होती. रात्री अंथरुणावर पडले की डोळ्यांपुढे दिवसभराचे चेहरे येत. मन दुसरीकडे वळावे म्हणून मी मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवायचा एक खेळ सुरू केला. सुरुवातीला पंधरा मिनिटे. मग तास. मग रात्रीचा दीड, दोन. बायको म्हणे, "झोपा आता." मी म्हणे, "एवढी पायरी होऊ दे."

एके दिवशी दुपारी औषधाच्या दुकानातून फोन आला. "साहेब, या आजीले तर आतापर्यंत पंचवीसचीच गोळी चालू होती. आज पन्नासची लिहिली. वाढवली का?" मी वाढवली नव्हती. झोपेच्या झापडीत चुकीचा आकडा लिहिला होता. रक्तदाबाचे औषध, वय अठ्ठ्याहत्तर. दुकानदार जागरूक नसता तर म्हातारी सकाळी उठताना चक्कर येऊन पडली असती, खुब्याचे हाड मोडले असते. आकडा एकच, पण त्याची किंमत मला माहीत होती.

त्या रात्री मी तो खेळ मोबाईलमधून काढून टाकला. पुढचे पंधरा दिवस बोटे शिवशिवत होती. चिडचिड होत होती. दारू सोडलेला रोगी जे सांगतो त्याची थोडीशी चव मला मिळाली. माझा प्रश्न खेळाचा नव्हताच. माझा प्रश्न भीतीचा आणि थकव्याचा होता. खेळाने तो झाकला होता. म्हणून आता कोणी पालक मुलाला घेऊन आला, की मी आधी विचारतो, या खेळाखाली काय झाकले आहे?

आईचा उजवा हात

खेळाची दुसरी बाजूही मी घरातच पाहिली. २०१६ साली आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू अधू झाली. वेळेवर उपचार मिळाले, चालता येऊ लागले, पण उजव्या हाताची बोटे ऐकेनात. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले. चेंडू दाबा, मणी उचला, कपड्याचे चिमटे लावा. आई दोन दिवस करायची आणि म्हणायची, "मी काय लहान पोर आहे का?"

मुलाने युक्ती केली. पत्त्यांचा कॅट आणून तिच्यासमोर टाकला आणि म्हणाला, "आजी, वाट. तुझा डाव." ती डाव्या हाताने वाटायला लागली तसे तो म्हणाला, "उजव्याने वाटशील तरच खेळीन." पहिल्या दिवशी सगळे पत्ते वाटायला तिला वीस मिनिटे लागली. निम्मे खाली पडले. तो उचलून देत होता, ती चिडत होती. पण मेंढीकोट सोडवेना. तीन-चार महिन्यांनी ती पत्ते हातात पंख्यासारखे धरू लागली. पुढे चमचा धरता आला. ही पत्त्यांची जादू नाही. त्यामागे औषधे होती, फिजिओथेरपी होती. पण एकच हालचाल शंभर वेळा करायला माणसाला कारण लागते. ते कारण पत्त्यांनी दिले. ज्या दिवशी तिने उजव्या हाताने हुकमाचा एक्का आपटला, त्या दिवशी घरात सणासारखा आनंद झाला.

शास्त्रही काही अंशी हेच सांगते. अमेरिकेत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांची पाहणी २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. पटावरचे खेळ, वाचन, वाद्य, नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. खेळामुळेच ते टळले असे त्यावरून ठाम म्हणता येत नाही, पण खेळण्यात तोटा तर काही नाही. व्हिडिओ गेमचेही सगळेच वाईट नाही. २००७ सालच्या एका अभ्यासात दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा सराव करणारे ३३ सर्जन तपासले. आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्या सर्जनांच्या हातून ३७ टक्के कमी चुका झाल्या. अर्थात, सर्जन होण्यासाठी आधी बारावी पास व्हावे लागते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

शरीर काय सांगते?

आता नेहमीच्या तक्रारींकडे वळू.

डोळे : आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. शिवाय लहान वयात सतत जवळचे पाहणे आणि उन्हात कमी खेळणे यांमुळे दूरचे अंधूक दिसू लागण्याचा धोका वाढतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोज दोन तास घराबाहेर, उजेडात खेळणे. पडद्यासमोर असताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचे वीस सेकंद पाहावे.

मान आणि अंगठा : आपले डोके पाच किलोच्या आसपास भरते. मान वाकवली की त्याचा भार कित्येक पटींनी वाढतो. ताशी पोते उचलणारा हमाल मध्ये थांबतो, गेम खेळणारा थांबत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवून पाहा. जोराची कळ आली तर अंगठ्याच्या शिरांना सूज आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

झोप : सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. पडद्याच्या उजेडापेक्षाही खेळातली उत्तेजना झोप उडवते. मारामारीचा डाव संपला तरी छातीची धडधड अर्धा तास चालू राहते.

फिट येणाऱ्या रोग्यांपैकी काहींना भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टीव्हीवरचे एक कार्टून पाहताना सहाशेहून अधिक मुलांना त्रास होऊन दवाखान्यात न्यावे लागले होते. घरात फिटचा रोगी असेल तर अंधारात गेम खेळू देऊ नये.

पटावरचे खेळ निर्धोक असे मात्र समजू नका. कॅरमवर टाकतो ती पावडर बहुधा बोरिक पावडर असते. ती पोटात गेली तर विषारी ठरते. तिचा डबा पोळपाटाशेजारी ठेवू नये. फासे, सोंगट्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तेव्हा उलटी काढत बसू नका, तडक मोठे रुग्णालय गाठा. आणि पारावरच्या पत्त्यांच्या बैठकीतल्या मंडळींना एकच सांगणे. पत्त्यांनी तुमचे फार बिघडत नाही, पत्त्यांसोबत जो खर्रा तोंडात जातो त्याने बिघडते. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर डाव तिथेच मोडा आणि तोंड दाखवायला या.

आजार केव्हा म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार घातला. ते वर्गीकरण मे २०१९ मध्ये मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही. दोन, जेवण, झोप, शाळा, काम, मित्र यांच्या आधी खेळ येतो. तीन, नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहते किंवा वाढते. हे सारे साधारण वर्षभर चालले आणि रोजच्या जगण्याची घडी मोडली, तर त्याला आजार म्हणतात. सुट्टीत चार दिवस खेळणारे पोर आजारी नसते. त्याला 'व्यसनी' म्हणून नातेवाइकांत बदनाम करू नये.

आजार असेल तर त्यावर उपचार आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी खास विभाग चालतो. इतक्या दूर जाण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येते.

पैसे लावलेला खेळ

काही वर्षांपूर्वी तिशीतला एक गृहस्थ पित्ताच्या तक्रारीसाठी वारंवार येत असे. वजन कमी झालेले, झोप नाही. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. चौथ्या खेपेला दार लोटून घेऊन तो बोलला. सोयाबीनचा सगळा चुकारा मोबाईलवरच्या रमीत गेला होता. गेलेले परत मिळवायला त्याने उसनवारी केली होती. बायकोला माहीत नव्हते. "साहेब, दोन डाव जित्तलो होतो, म्हनून वाटलं..." एवढे बोलून तो थांबला. त्याच्या पित्ताची गोळी मी बंद केली आणि त्याच्या भावाला बोलावून घेतले. त्याला त्या दिवशी एकटे घरी जाऊ देणे मला धोक्याचे वाटले. आज तो माणूस शेती करतो आहे, कर्ज फेडतो आहे. वेळेवर बोलला म्हणून वाचला.

महाभारतात धर्मराजाला द्यूताचे नियम ठाऊक नव्हते असे नाही. त्याला डाव मोडता आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. शिक्षा असे खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा कोणाचे पैसे गेले असतील तर लपवू नका. लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो आणि मग टोकाचा विचार करतो. घरातल्या अशा माणसाला आधी रागावू नका, आधी जेवू घाला आणि जवळ बसा.

कोणता खेळ बरा?

पालक विचारतात, कोणता खेळ चांगला आणि कोणता वाईट? मी तीन प्रश्न सांगतो. या खेळाला शेवट आहे का? समोर कोणी माणूस आहे का? त्यात पैसा आहे का? शेवट असलेला, माणसासोबतचा आणि बिनपैशाचा खेळ कुठलाही असो, तो खुशाल खेळावा. या कसोटीवर माझ्या आवडीची यादी अशी : पहिला मेंढीकोट, दुसरा कॅरम, तिसरा बुद्धिबळ (हरत असलो तरी), आणि चौथा तो विटांचा खेळ, पण गजर लावून. बुद्धिबळाचे म्हणाल तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत, हे वाचून मला उगीचच बरे वाटले.

घरी एवढे करून पाहावे :

१. खेळ सुरू होण्याआधीच शेवट ठरवावा. 'अर्धा तास' म्हणण्यापेक्षा 'दोन डाव' म्हणावे. चालू डावातून मोबाईल ओढून घेऊ नये. मेंढीकोटाचा डाव कोणी उधळला तर आपल्यालाही राग येतोच.

२. रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सर्व मोबाईल एका जागी, झोपायच्या खोलीबाहेर. 'सर्व' मध्ये वडिलांचाही मोबाईल आला.

३. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको. दोन ते पाच वर्षे दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांसोबत. जेवताना मोबाईल दाखवून घास भरवू नये.

४. आठवड्यातून एक संध्याकाळ पट किंवा पत्ते मांडावेत. मुलाच्या गेमचाही एखादा डाव त्याच्याकडून शिकून घ्यावा. हरायची तयारी ठेवावी.

५. खेळ एकदम वाढला, तर मुलाच्या मनात काय चालले आहे ते शोधावे. नापास होणे, मारहाण, घरातले भांडण, एकटेपणा यांपैकी काहीतरी सापडते.

त्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. बापाला बाहेर बसवून मी त्याच्याशी बोललो. त्यांचे घर गावापासून दूर, शेतात आहे. सातवीपर्यंत गावातले तीन मित्र सोबत होते. आता ते तालुक्याला वसतिगृहात राहतात. रात्री साडेदहानंतर त्यांना मोबाईल मिळतो आणि मग चौघे टीम करून खेळतात, कानाला लावून गप्पा मारतात. पोराला दिवसभरात मिळणारी सोबत तेवढीच होती. बाप म्हणत होता तसा मोबाईल हिसकावला असता, तर डोकेदुखीबरोबर मित्रही गेले असते.

डोळे तपासून घेतले, तर चष्मा निघाला. वर्गातला फळा त्याला नीट दिसत नव्हता. बापाशी बोलून एवढेच ठरवले : रविवारी दुपारी मित्रांसोबत मनसोक्त खेळणे, एरवी रात्री साडेनऊला मोबाईल बापाच्या उशाशी, आणि महिन्यातून एकदा मित्रांना शेतात मुक्कामी बोलावणे.

मागच्या आठवड्यात दोघे पुन्हा आले. डोके दुखणे थांबले आहे. गेम थांबलेला नाही, अधूनमधून दहा वाजतात, पण दोन वाजत नाहीत. मित्र एकदा मुक्कामी येऊन गेले. बापाने कॅरम आणला आहे. पोराच्या समोरच तो मला म्हणाला, "साहेब, हा मले एकबी बोर्ड जित्तू देत नाई."

मी म्हटले, "मग कधी उठता?"

"त्याची माय जेवाले हाक मारते, तवा."

औषध लिहायचे काही उरले नव्हते. मी चिठ्ठीवर फक्त पुढच्या डोळे तपासणीची तारीख टाकली.